फळीतल्या अंतराची किंमत

इ. स. पू. ४१८. मांटिनियाच्या मैदानात स्पार्टाचं सैन्य शत्रूवर चालून निघालं होतं. दोन्ही फळ्या एकमेकींकडे सरकत होत्या, आणि नेमकं तेव्हाच राजा आगिसच्या लक्षात आलं की आपली डावी बाजू तोकडी पडतेय. समोरचे मांटिनियन आपल्या टोकाच्या बरेच पलीकडे पोचलेत, वळसा घालून ते पाठीवर येणार. त्याने खूण केली: डाव्या टोकाच्या स्किरिताई तुकडीने आणि सेनापती ब्रासिदासच्या हाताखाली लढलेल्या जुन्या शिपायांनी आणखी डावीकडे सरकावं. ते सरकले की मध्ये भगदाड पडणार, हे उघडच होतं. म्हणून उजवीकडच्या हिप्पोनोइदास आणि अरिस्तोक्लेस या दोन सरदारांना हुकूम गेला की आपापली तुकडी आणून ते बुजवा. डावीकडचे सरकले. उजवीकडचे दोघे जागचे हलले नाहीत. आगिसने मग डावीकडच्यांना परत बोलावलं, पण तोवर वेळ निघून गेली होती. त्या भगदाडातून मांटिनियन आणि आर्गोसचे एक हजार निवडक जवान आत घुसले आणि त्यांनी स्पार्टाची डावी बाजू थेट सामानाच्या गाड्यांपर्यंत रेटत नेली.

लढाई तरीही स्पार्टाने जिंकली, कारण मधला भाग टिकला. राजा तिथे होता आणि त्याच्याभोवती तीनशे निवडक होते. त्या दोघा सरदारांवर पुढे भित्रेपणाचा ठपका ठेवून त्यांना हद्दपार केलं गेलं. हे सगळं सांगताना त्या काळचा ग्रीक इतिहासकार थुसिडिडीस एक वाक्य लिहून जातो: त्या दिवशी स्पार्टन कौशल्यात सगळ्याच बाबतींत उणे ठरले, धैर्यात मात्र नाही. ज्यांच्या शिस्तीचे गोडवे आपण अडीच हजार वर्षं गातोय, त्यांच्या सर्वांत गाजलेल्या विजयांपैकी एकाबद्दल हा अभिप्राय.

हे आज सांगायचं कारण असं की ‘तरुणांना सक्तीचं लष्करी शिक्षण द्या’ ही मागणी आपल्याकडे अधूनमधून उकळी फुटल्यासारखी वर येते, आणि ती आली की तिच्या पाठोपाठ स्पार्टा येतो. सात वर्षांचं पोर आईपासून काढून घेतात, त्याला काटक करतात, आणि मग त्यांची फळी पोलादी भिंत होते, वगैरे. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रात ढालीला ढाल भिडलेली असते, मध्ये सुई जायला फट नसते. त्या चित्राबद्दल माझी तक्रार आहे. दोन माणसांमधलं अंतर जितकं आणि जसं दाखवलंय तितकं आणि तसं ठेवायला काय लागतं, हे चित्र काढणाऱ्याने विचारलेलंच नाही. ग्रीकांनी ते विचारलं होतं. आणि बहुतेक नगरांनी, पुरता विचार करून, ‘आम्हाला ते परवडत नाही’ असं उत्तर दिलं होतं.

आधी अंतराचा हिशेब बघू. ग्रीक पायदळाच्या या रचनेला फॅलँक्स म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ ओंडका. आपल्याकडे लढाईतल्या ओळीला फळी म्हणतात, तीही लाकडाचीच. आणि ‘फळी फुटली’ हे आपण अजून क्रिकेटच्या बातमीतसुद्धा म्हणतो. फळीतल्या माणसाला हॉप्लाइट म्हणत. त्याच्या डाव्या हातात सुमारे नव्वद सेंटिमीटर व्यासाची गोल, खोलगट, लाकडी ढाल, उजव्या हातात भाला. ढालीच्या मधोमध एक पट्टा, त्यात कोपरापर्यंत हात घालायचा आणि कडेची मूठ पकडायची. त्यामुळे ढालीचा उजवा अर्धा भाग स्वतःच्या अंगावर येतो आणि डावा अर्धा बाहेर, शेजाऱ्याच्या बाजूला. म्हणजे तुमच्या डावीकडचा तुमच्या ढालीत अर्धा झाकला जातो आणि तुमची उघडी उजवी बाजू उजवीकडच्याच्या भरवशावर असते.

यातून थुसिडिडीसने सांगितलेली ती प्रसिद्ध गोष्ट घडते. चालताना प्रत्येक जण नकळत उजवीकडे सरकतो, शेजाऱ्याच्या ढालीला चिकटायला बघतो. सुरुवात अगदी उजव्या टोकाच्या माणसापासून होते, कारण त्याची उघडी बाजू झाकायला कोणीच नसतं; तो शत्रूपासून अंग चोरत बाहेर सरकतो, आणि बाकीचे त्याच भीतीने त्याच्या मागे. म्हणून दोन्ही सैन्यांची उजवी टोकं समोरच्याच्या डाव्या टोकापलीकडे जातात. आगिसची पंचाईत झाली ती याच्यामुळेच.

त्याच लढाईचा एक आकडा थुसिडिडीस देतो: स्किरिताई सोडून स्पार्टाच्या पहिल्या ओळीत ४४८ माणसं होती, खोली साधारण आठ. आता हे ४४८ जण प्रत्येकी नव्वद सेंटिमीटर धरून उभे केले तर ओळ चारशे मीटरची होते. दुप्पट अंतर धरलं तर आठशे मीटरची. आणि अंतर काहीही असो, चालता चालता प्रत्येकाने शेजाऱ्याकडे फक्त पाच सेंटिमीटर अंग चोरलं, तर ओळ बावीस मीटरहून जास्त आखडते. पाच सेंटिमीटर म्हणजे तीन बोटं. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत ‘एक हात अंतर’ म्हणून मास्तर कितीही ओरडले तरी राष्ट्रगीत संपेपर्यंत रांगेचा नागमोडी साप झालेला असतो, हे ज्याने पाहिलंय त्याला तीन बोटं म्हणजे किती क्षुल्लक गोष्ट आहे हे सांगायला नको. आणि तिथे समोरून कोणी भाले घेऊन येत नसतं.

मग पुस्तकांमध्ये जी नेमकी मापं सापडतात ती कुठून आली? आस्क्लेपिओडोटस नावाच्या लेखकाने इ. स. पू. पहिल्या शतकात युद्धरचनेवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात तीन अंतरं आहेत: माणशी चार हात, दोन हात आणि एक हात. हा हात म्हणजे आपलाच जुना, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचा, सुमारे पंचेचाळीस सेंटिमीटरचा. चार हात हे मोकळं, नैसर्गिक अंतर. दोन हात हल्ल्यासाठी. एक हात म्हणजे ढालीला ढाल लावून शत्रूचा मारा झेलण्यासाठी. त्याच्याही आधी, इ. स. पू. दुसऱ्या शतकात, इतिहासकार पॉलिबियसने सांगून ठेवलंय की लढताना मॅसेडोनियन भालाईत तीन फूट जागा घेतो आणि तलवार फिरवणाऱ्या रोमन शिपायाला आणखी तीन फूट मोकळे लागतात. म्हणून एका रोमनासमोर दोन भालाईत आणि दहा भाल्यांची टोकं येतात. माणूस स्पष्ट आहे, हिशेबी आहे, सैन्यात वावरलेला आहे. त्याच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

फक्त हे दोघेही मॅसेडोनियन फळीबद्दल बोलतायत. तिथला भाला दोन्ही हातांनी धरायचा, लांबी चौदा हात, ढाल लहान आणि गळ्यात अडकवलेली, आणि माणसं पगारी, वर्षानुवर्षं घोटून तयार केलेली. ही मापं उचलून दोनशे-तीनशे वर्षं मागे, मॅरेथॉनच्या किंवा मांटिनियाच्या शेतकऱ्यांवर लावणं म्हणजे आजच्या महामार्गाचे नियम बैलगाड्यांच्या वाटेला लावण्यासारखं आहे. पण एकोणिसाव्या शतकात नेमकं तेच झालं. ग्रीक युद्धशास्त्राचा आधुनिक अभ्यास ज्यांनी उभा केला त्यांत व्हिल्हेल्म र्‍युस्टो हा प्रशियन लष्करातला अधिकारी होता. हेर्मान केख्ली या भाषापंडिताबरोबरचा त्याचा ग्रंथ १८५२चा. या परंपरेतल्या मंडळींच्या डोळ्यांसमोर कवायतीचं मैदान होतं. सैन्य म्हटलं की कवायत असणारच, कवायत म्हटली की ठरलेलं अंतर असणारच. पुरावा नंतर.

विसाव्या शतकात भांडण वेगळ्या अंगाने पेटलं. जी. बी. ग्रंडी या इंग्रज अभ्यासकाने १९११मध्ये फळ्यांच्या टकरीला रग्बीतल्या रेटारेटीची उपमा दिली, आणि तिथून ‘मागच्या ओळी पुढच्यांना ढकलतात’ ही कल्पना रुजली. अमेरिकेत व्हिक्टर डेव्हिस हॅन्सन यांनी १९८९मध्ये तिला नाट्यपूर्ण रूप दिलं: दाट फळी, एकच टक्कर, निकाल. उलट बाजूला पीटर क्रेंट्झ आणि हान्स व्हान वीस. त्यांच्या मते ओळ बरीच मोकळी होती, माणशी सहा फुटांच्या आसपास. व्हान वीस यांचा मुद्दा साधा आहे: भाला मारणारा माणूस छाती पुढे करून सरळ उभा राहत नाही, डावा खांदा पुढे करून तिरका राहतो, तसा उभा राहिला की पूर्ण ढाल त्याच्याच अंगासमोर येते. मग शेजाऱ्याला चिकटायची भौतिक गरज उरत नाही.

या वादात मला दोन्ही बाजूंचं थोडं थोडं पटतं, आणि दोन्ही बाजू एक गोष्ट बाजूला ठेवतायत असं वाटतं. तीन फूट की सहा फूट, हा प्रश्न ढालीच्या व्यासावरून सुटणार नाही. कारण अंतर ही वस्तूत असलेली गोष्टच नाही. ते माणसांनी मिळून सांभाळायचं असतं, चालताना, खड्ड्यातून, धुळीतून, घाबरलेलं असताना. ॲरिस्टॉटल राजकारणावरच्या ग्रंथात सहज म्हणून जातो की लढाईत छोटासा ओहोळ ओलांडतानाही फळी तुटते. सराव नसेल तर अंतर ठरवून काही उपयोग नाही. ते पहिल्या शंभर पावलांत संपतं. आणि सराव नव्हता. रोएल कोनाइनेंडाइक यांनी अलीकडच्या काळात हे फार ठामपणे मांडलंय, आणि मूळ साधनं वाचली की दुसरं काही म्हणता येत नाही.

साधनं काय म्हणतात? युद्धात पडलेल्यांच्या अंत्यविधीला केलेल्या, थुसिडिडीसने नोंदवलेल्या भाषणात अथेन्सचा नेता पेरिक्लीस आपल्या नगराचा अभिमान सांगतो तो असा की स्पार्टन लोक लहानपणापासून कष्टाची कवायत करतात, आम्ही मोकळेपणाने जगतो आणि तरी संकटाला तितक्याच धिटाईने सामोरे जातो. म्हणजे सराव न करणं ही त्याच्या लेखी उणीव नव्हतीच, ती मिरवायची गोष्ट होती. झेनोफोन या लेखक-सैनिकाच्या पुस्तकातला सॉक्रेटिस अंगाने ढिल्या पडलेल्या एका तरुणाला सुनावतो की नगर सार्वजनिक पातळीवर युद्धाचा सराव घेत नाही, म्हणून तू स्वतःच्या शरीराकडे तरी बघ. प्लेटो म्हातारपणी एक आदर्श नगर कागदावर रचतो आणि तिथे महिन्यातून किमान एक दिवस सगळ्यांनी युद्धाचा सराव करावा असं सुचवतो. महिन्यातून एक दिवस! आदर्श नगरात! यावरून खऱ्या नगरात काय असेल ते समजून घ्यावं.

खासगी शिकवण्या मात्र होत्या. शस्त्र चालवायला शिकवणारे गुरुजी गावोगाव फिरत, पैसे घेत, प्रात्यक्षिकं दाखवत. प्लेटोच्या एका संवादात लाखेस हा सेनापती अशाच एका गुरुजींची, स्टेसिलेओसची, फजिती रंगवून सांगतो. या गृहस्थाने भाल्याला विळा जोडून नवंच हत्यार काढलं होतं. एका समुद्री चकमकीत तो विळा समोरच्या मालवाहू जहाजाच्या दोरखंडात अडकला. हा ओढतोय, निघत नाही. जहाज बाजूने पुढे चाललंय, आणि हा भाला धरून आपल्या जहाजाच्या फळ्यांवरून पळतोय. शेवटी भाला हातातून सरकत सरकत नुसतं टोक मुठीत उरलं. पलीकडून कोणीतरी त्याच्या पायाशी दगड मारला तेव्हा त्याने तो सोडला, आणि दोन्ही जहाजांवरचे लोक पोट धरून हसले. तो विळाभाला तिकडे लोंबकळतच गेला.

हसून झालं की त्याच संवादातलं दुसऱ्या सेनापतीचं, निकियासचं म्हणणं वाचावं. तो या शिक्षणाच्या बाजूने आहे. रांगेत लढताना त्याचा काही उपयोग होईलच, तो म्हणतो, पण खरा फायदा रांगा मोडल्यावर, एकाला एक भिडायची वेळ आली की. माझ्या मते या एका वाक्यात सगळा प्रश्न आलाय. पैसे देऊन माणूस जे शिकतो ते स्वतःच्या जिवासाठी शिकतो: वार कसा करायचा, पळणाऱ्याला कसं गाठायचं, स्वतः पळताना कसं वाचायचं. रांगेत अंतर राखणं ही कला एकट्याने शिकून काडीचा उपयोग नाही. मी शिकलो आणि डावी-उजवीकडच्यांनी शिकून घेतलं नाही, तर माझे पैसे पाण्यात. म्हणून ती बाजारात विकली जात नाही. ती सगळ्यांनी एकाच वेळी शिकावी लागते, म्हणजे सगळ्यांचा वेळ एकाच वेळी मोकळा करावा लागतो. शेतकऱ्याचा, कुंभाराचा, चांभाराचा. त्या वेळाचे पैसे कोण देणार?

चरित्रकार प्लुटार्कने सांगितलेला स्पार्टाचा राजा अगेसिलाउस याचा किस्सा इथे चपखल बसतो. स्पार्टाचे मित्र कुरकुरू लागले की आम्ही इतके आणि तुम्ही मूठभर, तरी नेतृत्व तुमचंच का. राजाने सगळ्यांना बसवलं. मित्र एकत्र, स्पार्टन वेगळे. मग दवंडीवाल्याकडून पुकारा करवला: कुंभारांनी उठावं. मग लोहारांनी. मग सुतारांनी, गवंड्यांनी, एकेक करत सगळे धंदे. मित्रांपैकी जवळजवळ सगळे उभे राहिले, स्पार्टनांपैकी एकही नाही. ‘बघा,’ राजा हसून म्हणाला, ‘शिपाई जास्त कोण पाठवतं?’

किस्सा सांगणारे इथेच थांबतात. पुढचा प्रश्न विचारायचा राहतो: स्पार्टात नांगर कोण धरत होतं? हेलोट. मेसेनिया आणि लाकोनियातले जमिनीला बांधलेले गुलाम. त्यांच्याविरुद्ध एफोर, म्हणजे स्पार्टाचे निवडून आलेले वरिष्ठ अधिकारी, दरवर्षी रीतसर युद्ध जाहीर करत, म्हणजे त्यांना मारलं तर पाप लागू नये. थुसिडिडीस सांगतो की एकदा ‘ज्यांनी युद्धात सर्वांत जास्त पराक्रम केला त्यांनी पुढे यावं, स्वातंत्र्य देऊ’ असं जाहीर केलं. सुमारे दोन हजार निवडले गेले, फुलांच्या माळा घालून देवळांना प्रदक्षिणा घालून आले, आणि नंतर ते सगळे नाहीसे झाले. कोणाचा शेवट कसा झाला हे कोणालाच कळलं नाही. स्पार्टन रांगेतलं ते सुबक अंतर या माणसांच्या वेळातून विकत घेतलेलं होतं. ‘आपणही स्पार्टासारखं करू’ म्हणणाऱ्यांनी बिलाचा हा भागही वाचावा.

बरं, एवढं देऊन स्पार्टाने घेतलं काय? दांडगे हात नाहीत. झेनोफोन स्वतः त्यांच्यात राहिलेला, त्यांचा भक्तच म्हणा ना, तो सांगतो की लोकांना त्यांच्या हालचाली फार गुंतागुंतीच्या वाटतात, पण तसं काही नाही. पुढच्याच्या मागे जाता आलं की झालं. अवघड आहे ते दुसरंच: गोंधळ उडाला की शेजारी जो कोणी असेल त्याच्याबरोबर लढणं. हे स्पार्टाचा कायदेकर्ता लायकर्गस याच्या कायद्यांत वाढलेल्यांनाच जमतं, असं त्याचं म्हणणं. त्यांच्या सैन्यात पहिली महत्त्वाची गोष्ट उतरंड: राजा, पोलेमार्क, लोखागोस, पन्नासांचा नायक, आणि खाली तीस-पस्तीस जणांच्या टोळीचा नायक. प्रत्येक पायरीवर हुकूम घेणारा आणि पुढे देणारा ठरलेला. थुसिडिडीस म्हणतो तसं, जवळजवळ सगळं सैन्यच नायकांवरच्या नायकांचं. दुसरं म्हणजे वाद्य. भाषांतरांत बासरी म्हणतात, पण ते जिभाळीचं वाद्य, आपल्या सनईच्या घराण्यातलं. ते देवासाठी नव्हे, पावलं एका लयीत पडावीत म्हणून; मोठी सैन्यं पुढे जाताना फुटतात, ती फुटू नयेत म्हणून. मांटिनियाला आर्गिव्ह, म्हणजे आर्गोसचे लोक, आवेशाने चालून येत होते आणि स्पार्टन सावकाश, सनईच्या तालावर.

इतकंच. आणि हे इतकंच पुरेसं पडत होतं, कारण समोरच्याकडे तेवढंही नव्हतं. ॲरिस्टॉटलने हे निर्दयपणे मांडलंय: स्पार्टन इतरांहून वरचढ ठरले ते त्यांच्या शिक्षणाच्या पद्धतीमुळे नव्हे, ते सराव करत होते आणि समोरचे करत नव्हते, म्हणून. समोरच्याने सराव सुरू केला तेव्हा काय झालं? इ. स. पू. ३७१, ल्यूक्ट्रा. थेबेसची फळी पन्नास माणसं खोल, स्पार्टाची बारा. थेबेसच्या सैन्यात नगराच्या खर्चाने किल्ल्यावर ठेवलेली तीनशेंची पवित्र तुकडीही होती. रणांगणावर सातशे स्पार्टन नागरिक होते, त्यातले चारशे पडले, आणि ते भरून काढायला माणसंच उरली नव्हती. ज्या व्यवस्थेने मूठभरांना पूर्ण वेळ शिपाई केलं तिने त्यांना मूठभरच ठेवलं होतं.

उलट बाजूने कोणी म्हणेल, मग मॅरेथॉनचं काय? इ. स. पू. ४९०मध्ये बिनसरावाच्या अथेन्सने पर्शियनांना हरवलंच की. हरवलं. हेरोडोटस म्हणतो की ओळ शत्रूइतकी लांब करायची म्हणून मधला भाग थोड्याच ओळींचा ठेवला होता, आणि तो भाग फुटलाही. दोन्ही टोकांनी लढाई वाचवली. बिनसरावाची फौज जिंकू शकत नाही असं माझं म्हणणंच नाही. ती सरळ पुढे जाऊ शकते. एवढीच एक गोष्ट तिला येते, आणि पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. भागत नाही तेव्हा डेलियम होतं: इ. स. पू. ४२४मध्ये अथेन्सची उजवी बाजू वेढा घालता घालता गोल फिरली आणि आपल्याच माणसांना न ओळखून त्यांनी एकमेकांना मारलं.

सरावाने माणसं बदलतात का, याचा सर्वांत चांगला पुरावा मला झेनोफोनने स्वतः केलेल्या आणि लिहून ठेवलेल्या एका लांबच्या प्रवासात दिसतो. इ. स. पू. ४०१. धाकटा सायरस या पर्शियन राजपुत्राने पगारावर दहा हजारांच्या वर ग्रीक गोळा केले. वाटेत किलिकियाच्या राणीसमोर संचलन झालं, चार ओळी खोल. भाले पुढे करून फळी निघाली, आणि मग कोणी न सांगता, आपोआप, सगळे पळायलाच लागले. बाजारवाल्यांनी माल टाकून धूम ठोकली, राणी रथातून पळाली, आणि ग्रीक हसत हसत तंबूंत परतले. कुनाक्साच्या खऱ्या लढाईत तेच: फळीचा एक भाग फुगून पुढे गेला, मागे राहिलेले धावू लागले, आणि ते एकमेकांना ओरडून सांगत होते की शर्यत लावू नका, रांगेत या. पर्शियनांचे विळेवाले रथ आले तेव्हा त्यांनी वाट करून दिली. एक जण मात्र घोड्यांच्या शर्यतीत मैदानात सापडलेल्या माणसासारखा गोंधळून उभा राहिला, आणि तरी त्याला काही झालं नाही.

आता त्याच माणसांना काही महिन्यांनी बघा. सायरस मारला गेलाय, ग्रीक माघारी निघालेत, पाठलाग होतोय, चौकोनी रचनेत चाललेत. पूल किंवा अरुंद वाट आली की कडा आतल्यांना चेपतात. वाट रुंदावली की मधला भाग रिकामा पडतो. मग त्यांनी शंभर-शंभरांच्या सहा तुकड्या वेगळ्या काढल्या, त्यांचं काम एकच: वाट अरुंद झाली की मागे राहायचं, रुंद झाली की पडलेली फट भरायची. फट लहान तर उभ्या ओळीने, मोठी तर आडव्या. आगिसला जे ऐन लढाईत हुकूम देऊन जमलं नव्हतं ते इथे रोजच्या चालीचा भाग झालं. पुढे कोल्खियनांच्या डोंगरासमोर झेनोफोन म्हणाला की चढावर सलग फळी कुठे ना कुठे तुटणारच, आणि तुटलेली बघून आपल्याच माणसांचं अवसान गळेल. त्यापेक्षा आधीच सुट्या रांगा करून, मध्ये मोकळी जागा सोडून चढू. अंतर म्हणजे आता भिंतीतली चूक राहिली नव्हती, ती हातातली गोष्ट झाली होती. हे कुठल्या आखाड्यात शिकले? सोबत राहून, सोबत जेवून, पगार घेऊन, आणि घर फार लांब राहिल्यामुळे.

म्हणजे सराव हवाच, हे तर सिद्ध झालं? हो. पण नगरांनी तो का टाळला याचं सगळं उत्तर पैशात नाही. आर्गोसने तो टाळला नव्हता. मांटिनियाच्या भगदाडात घुसलेले ते एक हजार जवान आठवा. थुसिडिडीस सांगतो की नगराने आपल्या खर्चाने त्यांना बराच काळ युद्धशिक्षण दिलं होतं. नंतरचा इतिहासकार डिओडोरस पुढचं सांगतो: धडधाकट आणि पैशाने वरचढ असे तरुण निवडले होते, त्यांना इतर कामांतून मोकळं केलं होतं. लढाई हरल्यानंतर काहीच महिन्यांत या हजार जणांनी स्पार्टाशी हातमिळवणी करून आर्गोसची लोकशाही उलथवली आणि लोकनेत्यांना मारलं. लोकांनी उठाव करून ती परत मिळवायला पुन्हा काही महिने गेले. एखाद्या सामान्य आर्गिव्ह कुंभाराने यानंतर ‘आपल्याकडे शिस्तीचं पथक हवं’ या सूचनेकडे संशयाने पाहिलं असेल तर त्याला अडाणी म्हणायची माझी तयारी नाही.

दुसरी वाट राजाची. मॅसेडोनियाच्या फिलिपने माणसांना लांब भाले दिले, दाट फळी बसवली आणि पूर्ण सामानासकट लांबलांब चालवत नेऊन त्यांना घोटलं. त्याच्याकडे हेलोट नव्हते, पण फिलिपाय गावाजवळच्या सोन्याच्या खाणी होत्या. डिओडोरसच्या म्हणण्याप्रमाणे त्यांतून वर्षाला हजार टॅलंटहून जास्त येत. आस्क्लेपिओडोटसच्या पुस्तकातले चार, दोन आणि एक हात हे इथून निघतात. फिलिपच्या मुलाने, अलेक्झांडरने, इ. स. पू. ३३५मध्ये पेलियोनजवळ डोंगराच्या खोबणीत अडकलेला असताना शत्रूसमोर नुसती कवायतच करून दाखवली. एकशेवीस ओळी खोल फळी, पूर्ण शांतता. खूण झाली की भाले सरळ वर. दुसरी खूण, सगळे खाली. मग टोकं उजवीकडे, मग डावीकडे. टेकडीवरचे लोक बघतच राहिले आणि पहिल्या चढाईलाच त्यांनी जागा सोडली. कवायतीने लढाई जिंकल्याचं यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. त्याच वर्षी त्याच सैन्याने थेबेस जमीनदोस्त केलं, हेही त्याच पानावर आहे.

अथेन्सला अक्कल आली ती कायरोनियाच्या मैदानात फिलिपकडून हरल्यावर. इ. स. पू. ३३५च्या आसपास तिथे अठरा वर्षांच्या नागरिकांसाठी दोन वर्षांचं शिक्षण नव्याने बांधलं गेलं. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या अथेन्सच्या राज्यघटनेत त्याचा तपशील आहे, आणि मला त्यात शस्त्रांपेक्षा बाकीच्या नोंदी जास्त बोलक्या वाटतात. देखरेख करणारी माणसं कोण, तर प्रत्येक गणातल्या मुलांच्या वडिलांनी शपथेवर सुचवलेल्या चाळिशीपुढच्या तिघांतून लोकांनी निवडलेला एक. मुलांना रोज चार ओबोल, देखरेख करणाऱ्याला एक द्राख्मा. मुलांचे पैसे तोच घेतो, सगळ्यांसाठी मिळून बाजार करतो, कारण एका गणाची मुलं एकत्र जेवतात. निवड धडधाकट-श्रीमंतांची नाही; वयात आलेल्या आणि नोंदणी झालेल्या नागरिकांची. पहिलं वर्ष संपलं की नाटकाच्या रंगमंडपात लोकसभा भरते. तिच्यासमोर ही मुलं रांगांच्या हालचाली करून दाखवतात, आणि त्यानंतर नगराकडून त्यांना प्रत्येकी एक ढाल आणि एक भाला मिळतो.